माप ५८०

बेव्हर्ली पार्कात आमच्या सोसायटीबाहेरच्या हेल्मेटवाल्याने माझ्या कपाळाभोवती टेप फिरवली. "पाचशे ऐंशी. मीडियम." मागच्या दोघांचंही तेच निघालं. कोण कुठला, हे त्याने विचारलं नाही. टेपला तरी कुठे कळणार होतं!

मला इरावतीबाई आठवल्या. ‘युगान्त’वाल्या कर्वे आपल्या ओळखीच्या, कवट्या मोजणाऱ्या फारशा नाहीत. १९२८ साली त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा देणारे. गोऱ्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून त्यांची कवटी दोन्हीकडे सारखी नसते आणि म्हणूनच ते बुद्धिमान, असं फिशरचं गृहीतक. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा आणि त्या फरकाचा काही संबंध त्यांना आढळला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. विशीतली, परक्या देशातली मुलगी! आपल्याला साध्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीसमोर तोंड उघडवत नाही.

मला कोडं पडतं ते पुढचं. हा अनुभव घेऊन परतलेल्या बाईंनी कॅलिपर खाली ठेवला नाही. नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी ठरवू पाहणाऱ्या ब्रिटिश अधिकारी रिस्लेचंच ते हत्यार. ते घेऊन डेक्कन कॉलेजच्या या प्राध्यापक महाराष्ट्रभर माणसं मोजत हिंडल्या, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांबरोबर १९५१ साली ती मापं छापली. आणि म्हणाल्या काय, तर ब्राह्मण किंवा कुंभार म्हणजे एका खोडाच्या फांद्या नव्हेत. निरनिराळे समूह एका नावाखाली गोळा झालेत. हत्यार तेच, पण उत्तर आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. तरी डोकी मोजून घेणाऱ्यांना काय वाटलं असेल, हे मनातून जात नाही.

पोलिसांना सापडलेली कवटी आजही मोजतात. भुवईचा उंचवटा, कानामागचं हाड, हनुवटी यांवरून बाई की पुरुष याचा अंदाज येतो, सांध्यांवरून ढोबळ वय. ‘कुठला’ म्हटलं की मापं अडखळतात.

त्याच बर्लिनमध्ये पूर्व आफ्रिकेतून वसाहतकाळात नेलेल्या हजारावर कवट्या आहेत. २०२३ साली त्यांतल्या काहींचा डीएनए टांझानियातल्या हयात माणसांशी जुळला. शंभरेक वर्षं संग्रहात पडून असलेल्या त्या डोक्यांना नातलग सापडले.