शेकडा किती?

भविष्य सांगणाऱ्याला आपल्याकडे गिऱ्हाइकांची उणीव कधी भासली नाही. पूर्वी मुलीच्या बापाने पत्रिका पुढे करावी आणि शास्त्रीबुवांनी गुण मोजावेत, अशी रीत होती. आता पत्रिकेची जागा गुणपत्रिकेने घेतली आहे आणि शास्त्रीबुवांची जागा, मनात नसतानाही, माझ्यासारख्याकडे आली आहे. इंदूरच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षे संख्याशास्त्र शिकविले. त्यामुळे नात्यागोत्यातले कोणाचे मूल बारावीस आले, की त्याला अमुक ठिकाणी प्रवेश मिळेल काय, हा प्रश्न माझ्या दारी येतोच. ज्याला संभाव्यतेचे गणित येते त्याला पुढचे दिसते, असा लोकांचा समज असावा.

इकडच्या मुलांविषयी बोलणे त्यातल्या त्यात सोपे. आपल्याकडे रेषा आखलेली असते. २०२१ साली दिल्ली विद्यापीठातील काही महाविद्यालयांनी काही विषयांसाठी पहिल्याच यादीत ही रेषा शंभर टक्क्यांवर आखली. नव्याण्णव टक्के मिळविलेले मूल त्या दाराबाहेर उभे राहिले. पुढे २०२२ पासून तेथे सामाईक प्रवेश परीक्षा आली, तरी रेषा ही राहिलीच. ही पद्धत निष्ठुर आहे यात शंका नाही; पण तिचा निष्ठुरपणा उघडा आहे. एका गुणाने हुकलेल्या मुलाला आपले काय हुकले हे नेमके ठाऊक असते. एक गुण हुकला, एवढेच.

गेल्या ऑक्टोबरात हाच प्रश्न न्यू जर्सीहून आला तेव्हा मात्र माझी विद्या अपुरी पडली. माझा भाचा तेथे पंचवीस वर्षे आहे. त्याची मुलगी हायस्कुलाच्या शेवटच्या वर्षात. “मामा, हार्वर्डसारख्या ठिकाणी तिला शेकडा किती संधी आहे, ते तुम्हीच सांगा,” असे म्हणून त्याने तिची सारी माहिती पाठविली. एसएटी परीक्षेत १६०० पैकी १५४० गुण, शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन, शनिवारी तिथल्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकविणे, आणि बरेच काही. कोणत्याही बापाने अभिमान बाळगावा अशीच ती माहिती होती.

मी आकडे पुढे घेऊन बसलो. २०२१ साली हार्वर्डकडे ५७,४३५ अर्ज आले आणि त्यांतून १,९६८ जणांना प्रवेश देऊ करण्यात आला. म्हणजे शंभरात साडेतीनही नव्हेत. पण हा सरासरीचा आकडा झाला. सरासरी गर्दीची असते, गर्दीतल्या एकाची नसते. त्या विद्यापीठावर जो खटला चालला त्यात एका वर्षाचे आकडे पुढे आले होते. जागा सोळाशेच्या आसपास. देशातले अर्जदार सव्वीस हजारांवर. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक जणांचे शालेय गुण पूर्ण, आणि चौतीसशेहून अधिक जणांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी! जेथे पूर्ण गुण मिळविणारेच जागांच्या दुपटीहून जास्त आहेत, तेथे गुणांवरून निवड होणार तरी कशी? मग गुणांपलीकडचे पाहिले जाते. खेळ, कला, शिक्षकांची शिफारसपत्रे, साडेसहाशे शब्दांचा निबंध. आणि ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणूनही एक श्रेणी दिली जाते. माणूस संपूर्ण पाहावा, ही यामागची भूमिका.

भूमिका उदात्त वाटते. तिचा इतिहास तितका उदात्त नाही. एसएटी परीक्षा प्रथम १९२६ साली घेतली गेली. त्याच दशकात हार्वर्डमध्ये केवळ गुणांच्या बळावर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पाचांत एकाच्या वर गेले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांना ते जाचू लागले. मग अर्जात धर्म विचारला जाऊ लागला, छायाचित्र मागविले जाऊ लागले, आणि ‘चारित्र्य’ ही कसोटी पुढे आली. शंभर वर्षांनी त्याच व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत आशियाई वंशाच्या मुलांची सरासरी खाली असल्याचे न्यायालयात दिसून आले. त्याचे कारण काय, यावर दोन्ही पक्ष भांडले. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्यास मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप त्या निकालाने गेले नाही.

हे सारे मी भाच्याला लिहिले. दहांत एकाहून अधिक संधी कोठेही धरू नकोस, असेही लिहिले. त्यावर त्याने आपले गणित मांडले: “वीस ठिकाणी अर्ज करतो. प्रत्येक ठिकाणी पाच टक्के धरले तरी वीस पंचे शंभर!” ही चूक माझे विद्यार्थीही करीत. वीसही ठिकाणी नकार येण्याची शक्यता काढावयाची, तर शंभरातील पंच्याण्णव हा अपूर्णांक वीस वेळा गुणावा लागतो. उत्तर येते सुमारे छत्तीस टक्के. म्हणजे कोठे तरी दार उघडेल अशी आशा चौसष्ट टक्के. आणि तीही सारे नकार एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. ते तसे नसतात. अर्ज तोच, निबंध तोच, वाचणाऱ्यांची नजर पुष्कळशी तीच. म्हणून यादीत जिथे प्रवेश बहुधा मिळेल आणि जिथे जायला मुलीला मनापासून आवडेल, अशी दोनतीन ठिकाणे आधी लिहावीत, मग वरची. त्याच्या घराजवळचे रटगर्स हे राज्याचे विद्यापीठ १७६६ पासूनचे आहे, आणि तेथे अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना प्रवेश मिळतो.

येथवर गणित होते. त्यानंतर मुलीचाच दूरध्वनी आला.

माझी धाकटी बहीण, म्हणजे तिची आजी, शेवटची दोन वर्षे स्मृतिभ्रंशाने आजारी होती. इंग्रजी ती पार विसरली. घरातली माणसेही एकेक करून विसरली. शाळेतून आल्यावर ही मुलगी रोज तिच्याजवळ बसे. आजी तिला आपली थोरली बहीण समजून ‘ताई’ म्हणे, आणि ही त्या हाकेला ओ देई. माझी ती बहीण जाऊन चाळीस वर्षे झाली.

“आजोबा, बाबा म्हणतात निबंध आजीवरच लिही. तसं लिहिलं तर माझे चान्सेस वाढतील का?”

मी क्षणभर थांबलो. खोटे सांगण्यात अर्थ नव्हता. “वाढतीलही,” मी म्हणालो. “पण बाळ, उद्या नकार आला तर तुला काय वाटेल, तेही आज मनाशी पाहून घे. गुण कमी पडले म्हणून नाही म्हणाले, हे माणूस पचवतो. आजीजवळच्या दुपारी कमी पडल्या, असं तुला वाटणार नसेल तर खुशाल लिही. नाही तर दुसरं काही लिही.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “मला ते कुणाला मोजायला द्यायचं नाही.”

तिने मराठी शाळेतल्या मुलांवर लिहिले: ज्यांच्या जिभेला ‘ळ’ काही केल्या वळत नाही, आणि ज्यांना तो वळवून देताना हिला स्वतःचा ‘ळ’ सापडला, त्यांच्याविषयी. निबंध मला आवडला. समितीला आवडेल की नाही, हे मार्चअखेर कळेल. भाचा थोडा नाराज आहे. त्याचेही बरोबर आहे. हातातला हुकमी पत्ता मुलीने खेळला नाही, असे त्याला वाटते.

त्या अर्जात आपले उद्योग मांडावयास दहा जागा असतात, आणि घरातील जबाबदारी हाही त्यांतला एक मान्य प्रकार आहे. ती जागा तिने रिकामी सोडली. संख्याशास्त्रात रिकाम्या रकान्याला आम्ही शून्य समजत नाही. माहिती दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.