घटस्फोट : एका शब्दाचा जुना अर्थ

कोर्टाने विवाह मोडला, की मराठीत त्यास ‘घटस्फोट’ म्हणतात. आमच्या जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत त्यासाठी ‘फारकत’, ‘सोडचिठ्ठी’, ‘काडीमोड’ असे शब्द आहेत. सोडचिठ्ठीत कागद आहे, काडीमोडीत मोडलेली काडी आहे. घटस्फोटात मात्र फुटलेला घडा आहे, आणि तो घडा मुळात नवराबायकोचा नव्हताच.

पतित ठरलेल्या माणसाला कुळातून व जातीतून वगळण्याचा तो विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे. गावाबाहेर, संध्याकाळी, नातलगांच्या साक्षीने दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा. माणूस जिवंत असताना त्याचे सुतक पाळायचे. पुढे त्याच्याशी बोलणे नाही, बसणे नाही, त्याला वाटा नाही. परंतु तेथेच परतीची वाटही सांगितली आहे. त्याने प्रायश्चित्त केले, की नातलगांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करून नवा घट पाण्यात सोडायचा.

समाजाने पहिला घट ध्यानी ठेवला. दुसऱ्याचा त्याला विसर पडला. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसविणारे प्रोटेस्टंट मिशनरी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता आणि मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला सनातनी मंडळी जातीत घेईनात. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीकरणाची बाजू घेतली आणि मोठा वाद पेटला. वडिलांचे दार उघडे होते. जातीचे बंद होते.

इतरांच्या इतिहासाकडे बोट दाखविणे सोपे असते. आमच्याच चर्चमध्ये कोर्टाचा कागद हाती आलेली एखादी भगिनी शेवटच्या बाकावर बसते आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत येत नाही. ‘तुला आता चालत नाही,’ असे तिला आपल्यापैकीच कोणी सांगितलेले असते. हे खरे नाही. कोर्टात घटस्फोट झाला, पण पुनर्विवाह केला नाही, अशा व्यक्तीस केवळ त्या कारणाने ख्रिस्तप्रसाद नाकारता येत नाही. पुनर्विवाह केलेल्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. तरीही ते ख्रिस्तसभेतून बहिष्कृत नाहीत, हे पोप फ्रान्सिस यांनी ५ ऑगस्ट २०१५ रोजी स्पष्टपणे सांगितले.

कोर्टाच्या निकालाने विवाहसंस्काराचा बंध तुटतो, असे ख्रिस्तसभा मानीत नाही. मात्र तो विवाह मुळातच वैध होता काय, याची चौकशी धर्मप्रांताचे न्यायमंडळ करते. पूर्वी ‘विवाह अवैध’ या निकालास दुसऱ्या न्यायमंडळाचा दुजोरा लागत असे. ८ डिसेंबर २०१५ पासून ती अट उरलेली नाही. ज्यांना अर्ज करावयाचा असेल त्यांनी संकोच न धरता आपल्या धर्मगुरूंना भेटावे.

कुटुंबांनाही आमचे एक सांगणे आहे. घरात हळद असेल तेव्हा या भगिनीला बोलवा. बाळाच्या बाप्तिस्म्याला, ती श्रद्धेने जगत असेल तर, तिलाही धर्ममाता होऊ द्या. जुन्या शास्त्राने पतितालाही प्रायश्चित्तानंतर परत घेतले. नवऱ्याने टाकले, एवढ्यावरून हिला तर प्रायश्चित्तही लागू होत नाही. मग प्रभूच्या मेजापासून तिला दूर ठेवणारे आपण कोण?