ओळखीचा चेंडू

नाव सांगितले म्हणजे ओळख झाली, असे पूर्वी मला वाटत असे. माझी ही समजूत एका लहान मुलाने दूर केली.

ही १९९१ सालची गोष्ट. मी तेव्हा तरुण शिक्षक होतो. दिवाळीच्या सुटीत पुणे जिल्ह्यातील एका खेड्यात विद्यार्थ्यांचे शिबिर भरले होते. कोकण, खानदेश, विदर्भ अशा निरनिराळ्या भागांतून चाळीस मुले आली होती. पहिल्या दिवशी ती आपापल्या गावच्या घोळक्यात बसली होती. मी फर्माविले, "एकेकाने पुढे येऊन नाव, गाव आणि परीक्षेतील गुण सांगावेत."

धुळ्याकडचा एक मुलगा पुढे आला. त्याच्या घरची बोली अहिराणी. तो दोन शब्द बोलतो न बोलतो, तोच मागून कोणीतरी त्याच्या उच्चारांची नक्कल केली. एकच हशा पिकला. मुलगा मुकाट्याने खाली बसला. रात्री तो पंगतीतून अर्ध्या भाकरीवर उठला आणि मला म्हणाला, "गुरुजी, मला घरी जाऊ द्या."

मला झोप आली नाही. नक्कल दुसऱ्याने केली होती खरी; परंतु परक्या मुलांसमोर त्याला एकटे उभे करणारा मीच होतो!

सकाळी आमच्या वृद्ध व्यायामशिक्षकांनी चिंध्यांचा चेंडू केला. सर्वांना रिंगणात उभे केले. मलाही हात धरून ओढले. खेळ अगदी सोपा होता. चेंडू झेलणाऱ्याने आपले नाव सांगावे आणि ते सर्वांनी एका सुरात म्हणावे. चेंडू सुटला तरी कोणी बाद नाही. पहिलाच झेल माझ्या हातून सुटला! मुले खदखदून हसली, मीही हसलो. मग चेंडू त्या मुलाकडे गेला. त्याने तो एका हाताने अलगद टिपला व हळूच नाव सांगितले. साऱ्या रिंगणातून ते नाव घुमले. त्याची खाली गेलेली मान वर झाली.

नंतर गुरुजींनी विचारले, "मुलाला तुमच्या बोलीत काय म्हणतात?" मालवणचा मुलगा म्हणाला, "झील." नागपूरचा म्हणाला, "पोट्टा." आमचा मित्र मोठ्याने म्हणाला, "आंडोर!" काल नक्कल करणारा मुलगा तो शब्द घोकू लागला, आणि हा त्याचा उच्चार सुधारू लागला. घरी जाण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

१९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर भरविले. त्यातूनच पुढे बालवीर चळवळ उभी राहिली. तेथे श्रीमंत घरची आणि कामकऱ्यांची मुले त्यांनी मुद्दाम एकाच पथकात ठेवली होती. हे मी पुढे वाचले, तेव्हा मला आमचा चिंध्यांचा चेंडू आठवला.

मुलांनो, तुमच्या वर्गात कोणी नवा सोबती आला, तर त्याला आधी प्रश्न विचारू नका. आधी त्याला खेळायला बोलवा.