विहिरीची वही आणि विलायतेचा अर्ज

विदर्भातल्या शेतकऱ्याचे पोर ऑक्सफर्डला जाणे ही काही आजची नवलाई नव्हे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेले आणि एडिंबरोची एम. ए. व ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतले. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. आपल्याकडे भाऊसाहेबांचे नाव ठाऊक नाही असे घर सापडायचे नाही. तरीही २०२३ च्या पावसाळ्यात माझी पुतणी "काका, मी ऑक्सफर्डचा फॉर्म भरते" म्हणाली, तेव्हा काटोलच्या आमच्या घरात घटकाभर कोणी बोलले नाही.

पोरगी बी. एस्सी. अ‍ॅग्री झालेली. नंतर एका संस्थेत पाणलोटाचे काम करीत होती. ऑक्सफर्डला पाण्याचे शास्त्र, धोरण आणि व्यवस्थापन शिकवणारा एक वर्षाचा एम. एस्सी. अभ्यासक्रम आहे, तो तिला हवा होता. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, म्हणून कागद माझ्यापुढे आले.

आपल्याकडे अर्ज म्हणजे गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि खाली सही. तिथे तसे चालत नाही. गुण तर लागतातच, पण जगभरातून गुणवाली पोरे येतात, मग निवडायचे कोणाला? त्यासाठी एकदोन पानांचे निवेदन मागतात. हाच विषय का, इथेच का, आजवर त्यासाठी काय केले, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचे. पोरे त्याला एसओपी म्हणतात. शिवाय तीन जणांची शिफारसपत्रे, ट्रान्स्क्रिप्ट आणि इंग्रजीची परीक्षा.

तिने पहिले निवेदन लिहून आणले. इंग्रजी झकपक. लहानपणापासून समाजसेवेची आवड, थोर पुरुषांची दोन वचने, देशाची सेवा करण्याची इच्छा. इंटरनेटवरचे चार नमुने बघून जमवले होते. मी म्हटले, "बाई, यातून तुझे नाव खोडून शेजारच्या पोरीचे घातले तर काय बिघडेल?" ती गप्प राहिली. मग मी विचारले, "आणि ती वही कुठे आहे?"

वहीची हकीगत सांगायला हवी. २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा वाळल्या, ते वाचकांना आठवत असेल. आमच्या दादाची चार एकरांत साडेचारशे झाडे. टँकरने पाणी घातले, बोअर आठशे फुटांवर नेला, हाती धूळ आली. त्या जूनपासून ही पोरगी सुट्टीला आली की शिवारातल्या अकरा विहिरींत दोरीला दगड बांधून सोडायची आणि पाणी किती हातांवर आहे ते लिहून ठेवायची. ती अकोल्याला असली की तिची आई मोजायची. चार वर्षांत दोनशे पानी वही भरली. लोक हसायचे. तिला स्वतःलाही त्याचे विशेष वाटत नव्हते. अर्जात त्याचा एक शब्द नव्हता!

आपल्या पोरांचे हे नेहमीचेच आहे. पहाटेची पाण्याची पाळी, मंडीतला हिशोब, डिंक्या लागू नये म्हणून बुंध्याला पाणी न लागेल असे दुहेरी आळे करणे, हे सारे त्यांना 'घरचे काम' वाटते. प्रमाणपत्र मिळाले तेच केले, अशी समजूत. शहरातला मुलगा दोन दिवसांच्या शिबिराचे अर्धे पान लिहितो आणि आमची पोरगी चार वर्षांची वही गोठ्याच्या माळ्यावर ठेवते.

दुसरे निवेदन वहीवरून लिहिले. कोणती विहीर आधी आटली, शेजारच्या बोअरमुळे काय झाले, ठिबक आल्यावर वापर किती घटला आणि आपल्याला कोणते गणित अजून सुटत नाही. हे शेवटचे मला फार मोलाचे वाटले. येत नाही ते नेमके सांगता आले, तर शिकायला का यायचे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

पण खरा पेच पुढेच होता. वाळलेल्या बागेचे लिहायचे तर किती झाडे गेली, कर्ज किती झाले, हे येणारच. दादाला कळले तसा तो बिघडला. "आपल्या घरची फजिती गोऱ्यायले कायले सांगून राह्यली तू? भीक मागाले चालली का?" दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. त्याचे चूक होते असे मी म्हणणार नाही. ज्याने स्वतः लावलेली झाडे स्वतः करवतीने कापली, त्याच्या दुःखावर दुसऱ्याने अर्ज भरावा हे कुठे बसते? पोरगी तो भाग काढायला निघाली होती.

शेवटी वहिनीने तोड काढली. रात्री जेवण झाल्यावर तिने पोरीला म्हटले, "वाच सारं, मराठीत करून." ती वाचू लागली. दादा भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. "एकशे साठ झाडे वाळली" हे वाक्य आले तशी अडकित्त्याची कातर थांबली. "एकशे साठ नाही," तो म्हणाला. "एकशे त्रेसष्ट. तीन झाडं मी मागून तोडली, तुले मालूम नाही." मग रात्री अकरापर्यंत तोच सांगत राहिला आणि ती लिहीत राहिली. नाल्याकाठच्या विहिरीचा झरा कोणत्या साली बंद झाला, हे तिच्या वहीत नव्हतेच. आकडा एकशे त्रेसष्ट झाला. कर्जाचे एकच वाक्य राहिले, तेही दादाच्या संमतीने.

शिफारसपत्रांनी फार दमवले. एका गुरुजींनी "मजकूर तूच लिहून आण, मी सही ठोकतो" असे सांगितले. तसे उपयोगाचे नाही. विद्यापीठ शिक्षकाला थेट ई-मेल पाठवते आणि त्याने स्वतः पत्र चढवायचे असते. ज्यांनी तिचे काम डोळ्यांनी पाहिले असे तीन जण शोधायला दीड महिना गेला. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, त्याचा घोळ वेगळाच. पासपोर्ट, ट्रान्स्क्रिप्ट, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला ही कामे घरात असला विचार असेल तर वर्षभर आधी धरावीत. अर्जाची मुदत तिथल्या दुपारी बाराला संपते, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेपाच वाजता. शेवटच्या दिवशी वीज गेली तर कोणाच्या दारी जाणार? तिने आठवडाभर आधीच पाठवला. परीक्षेची आणि अर्जाची फी आंबिया बहाराच्या पैशातून भरली.

मार्चमध्ये जागा मिळाल्याचे पत्र आले. वहिनीने देवापुढे साखर ठेवली. दादाने एवढेच विचारले, "पैशाचं काय?" प्रश्न बरोबर होता. जागा मिळणे आणि पैसा मिळणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिल्या पत्राच्या आनंदात रस्त्याकडची जमीन विकणारे मी पाहिले आहेत. दादाही दोन एकर काढायला तयार झाला होता. पोरीने साफ सांगितले, "शिष्यवृत्ती आली तर जाईन, नाही तर पुढच्या साली परत भरीन. वावर विकायचं नाही." शिष्यवृत्तीचे अर्ज तिने वेगळे केले होते. एकीचे उत्तर 'नाही' आले. दुसरीची यादी लागेपर्यंत घरात कोणी ऑक्सफर्डचे नाव काढत नव्हते. जुलैत यादी लागली, तिचे नाव होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती गेली, वर्षाने शिक्षण पूर्ण झाले.

आता आसपासच्या गावांतली पोरे तिचे निवेदन मागायला येतात. नक्कल करायला हवे असते, दुसरे काय? दादा देत नाही. पाणी पाजतो, बाजेवर बसवतो आणि विचारतो, "तुह्या विहिरीले पाणी किती हातावर हाय?"