म्हातारा घोडा

मृगाच्या तोंडावर रिठदच्या शिवारातून चाललं की धूर आधी नाकाला कळतो, डोळ्यांना मागून. वेचून ढीग लावलेली धसकटं, तुरीची फणकटं, हरळीच्या काशा धुऱ्याच्या कडेला धुमसत असतात. जाळ नसतोच. बारीक निळसर धूर काळ्या रानावर आडवा पसरतो आणि तिथंच रेंगाळतो.

२०२२ साली याच दिवसांत निंबाखाली बसून मी थॉमस हार्डीची एक जुनी कविता पुन्हा वाचत होतो. 'इन टाइम ऑफ द ब्रेकिंग ऑफ नेशन्स'. तीन कडवी, बारा ओळी. पहिल्यात एक माणूस आणि त्याचा पेंगुळलेला म्हातारा घोडा ढेकळं फोडत चाललेत. दुसऱ्यात गवताच्या ढिगांचा धूर. तिसऱ्यात कुजबुजत जाणारी एक मुलगी आणि तिचा सखा. राजघराणी बुडतील, लढायांच्या बखरी विरून जातील, हे मात्र चालू राहील, असं हार्डीचं म्हणणं. कॉलेजात कवितेतल्या 'हॅरो'चा अर्थ मी शब्दकोशात शोधून समासात लिहिला होता. त्याचा भाऊबंद वखर तेव्हा आमच्या गोठ्याला टेकून उभा होता.

"काय वाचून राह्यला?" बाबांनी विचारलं.

लढाईच्या काळातली कविता आहे म्हणालो. माणूस सांगितला, घोडा सांगितला, धूर सांगितला. ते ऐकत राहिले.

"मंग लढाई कुठं हाय त्याच्यात?"

या कवितेचं रसग्रहण करताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. तोफ नाही, खंदक नाही, रक्ताचा थेंब नाही. लढाई आहे ती शीर्षकात, आणि मग शेवटी, विझत चाललेली. हार्डीने हे दृश्य १८७० साली कॉर्नवॉलमध्ये पाहिलं होतं. तेव्हा फ्रान्स आणि प्रशिया लढत होते. पंचेचाळीस वर्षं त्याने ते मनात ठेवलं आणि १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धगीत, कागदावर उतरवलं. एका लढाईत पेरलेलं दुसऱ्या लढाईत उगवलं. काळाबद्दल ही कविता जे सांगते त्याचा पुरावा तिच्या जन्मातच आहे.

कविता छापून आली जानेवारी १९१६ मध्ये. त्याच महिन्यात, त्याच युद्धात, तैग्रिसच्या काठी कूतला मराठा पलटणींचे शिपाई वेढ्यात अडकले होते. अन्न संपत गेलं तसे तिथे घोडे कापले गेले. २९ एप्रिलला वेढ्यातल्या सैन्याने शस्त्रं ठेवली. इंग्लंडच्या शेतांवरचे धडधाकट घोडे तर १९१४ सालीच फौजेने उचलून नेले होते. म्हणून मला तो 'म्हातारा' शब्द साधा वाटत नाही. हार्डीला १८७० मध्ये घोडा तसाच दिसला असेल. पण १९१६ च्या वाचकाला ठाऊक होतं की शेतात मागे कोण उरतं. लढाई तिथे आहे, बाबा, त्या घोड्याच्या वयात.

हे मी त्यांना बोललो नाही. ओसरीत डीएपीच्या थैल्या रचलेल्या होत्या. बाराशेची थैली त्या हंगामात साडेतेराशेला झाली होती. खत आधीपासूनच महागत होतं, त्यात युक्रेनच्या युद्धाची भर पडली होती. काळ्या समुद्राकाठची लढाई सोयाबीनच्या पेऱ्याआधीच रिठदला पोचली होती.

एका बाबतीत मात्र हार्डीचं मला पटत नाही. जनावरामागे चालणारा माणूस टिकेल असं त्याला वाटलं. तो टिकला नाही. लढाया टिकल्या. आमच्या वावरात आता रोटाव्हेटर फिरतो, एकराच्या भाड्याने. शेवटची बैलजोडी बाबांनी २०२२ च्या चार वर्षं आधीच बाजारात नेली. त्यातला डावा बैल पायाने अधू झाला होता. त्या संध्याकाळी ते दोन्ही कासरे हातात घेऊन घरी आले, खुंटीला अडकवले आणि जेवले नाहीत. कासरे अजून तिथेच आहेत.

धूर आता निंबापर्यंत आला होता. मी पुस्तक मिटलं. बाबा वावराकडे बघत होते.

"घोडा म्हतारा होता म्हनतं ना तू?"

"हो."

"पेंगत होता?"

"हो, चालता चालता."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"तरी इकला नाही त्यानं."