पावलांची भाषा

चालणं वाचता येतं.

दार लोटून माणूस आत येतो, चपला उंबऱ्यापाशी काढतो, खुर्चीपर्यंतची चार पावलं टाकतो आणि तो बोलायला लागायच्या आतच त्याच्या अंगानं पुष्कळ काही सांगून टाकलेलं असतं. एक हात चालीबरोबर झुलतोय, दुसरा मात्र मुका होऊन अंगाशी राहिलाय. किंवा एक पाय ताठ झालाय, बाजूनं अर्धवर्तुळ काढत पुढे येतोय. किंवा नजर सारखी खाली, कारण पायाखालची जमीन पायांना कळेनाशी झालीय आणि तिची राखण आता डोळ्यांनाच करावी लागतेय. अशा माणसाला विचारावं, तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का, आणि तो चकित होऊन आपल्याकडे बघतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून. कधी कधी यातून एवढंच निघतं की शरीरात बी-12 कमी पडलंय. मग ती लाल रंगाची इंजेक्शनं सुरू होतात, आणि वेळेत सुरू झाली तर जमीन हळूहळू पायांना परत भेटते.

हे सारं कॉलेजात शिकलेलं असतं. पण तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात वर्षानुवर्षं ताप, खोकला, जुलाब यांच्या रांगा बघता बघता नजरेवर एक पातळ धूळ बसत जाते. ती पुसावी लागते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

त्यासाठी सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीचे निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेवायची तर पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळे हॉल भरतो हे खरंच. भर पावसाळ्यातला रविवार, दाराशी ओल्या छत्र्या आणि रेनकोटांचा ढीग, चहाचा वास, आमच्यात कुणी काल पास झालेलं, कुणी माझ्या जन्माआधीपासून प्रॅक्टिस करणारं. पुण्याहून आलेले न्यूरॉलॉजिस्ट लॅपटॉप जोडतात. औषधांच्या चाचण्यांचे आलेख येतात नि जातात. ते माझ्या मनात फारसे टिकत नाहीत. मग दिवे मालवतात आणि पडद्यावर एक हात उमटतो, फक्त हात, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवत राहिलेला. पहिले काही ठोके मोठे, मोकळे. मग ते आखडत जातात, लहान होतात, अडखळतात, जसा चावी संपत आलेल्या खेळण्याचा नाच. आणि माझ्या लक्षात येतं की अंधारात, मांडीवर, खुर्चीच्या दांड्यावर, सगळ्या हॉलची बोटं हलताहेत. प्रत्येक जण आपापला अंगठा आणि तर्जनी टेकवून बघतोय. शेजारचे पांढऱ्या केसांचे डॉक्टरसुद्धा.

सगळे निमूटपणे स्वतःला तपासत होते.

पडद्यावरच्या त्या हाताचा आजार पार्किन्सन्सचा. त्याचं पहिलं नीट वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली लिहिलं, अवघ्या सहा माणसांवरून, आणि त्यांतले काही तर त्यांना लंडनच्या रस्त्यावर नुसते दिसले होते. हातात ना स्कॅन ना रक्ततपासणी. रस्त्यानं जाणाऱ्या एका वाकलेल्या, थरथरणाऱ्या म्हाताऱ्याकडे कुणीतरी थांबून बघितलं. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट शार्को व्याख्यानं देत, तेव्हा कंप असलेल्या बायकांना लांब पिसांच्या टोप्या घालून समोर आणत म्हणे, म्हणजे मागच्या बाकावरच्यालाही पिसाच्या थरथरीवरून एका कंपातून दुसरा कंप ओळखता यावा. त्या बायकांच्या मनात काय चाललं असेल, या विचारानं मला अस्वस्थ व्हायला होतं. तरी ती हवेत कापणारी पिसं डोळ्यांपुढून जात नाहीत. आणि आपल्या मुंबईत न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी रुग्णांचे डोळे पाहिले. इकडून तिकडे बघताना आपली नजर झेप घेते, इतकी चपळ की ती आपल्याला जाणवतही नाही. पण तोल गेलेल्या काही कुटुंबांतल्या माणसांची नजर झेपावत नव्हती, संथ सरकत होती. अशा नऊ कुटुंबांची हकीकत त्यांनी 1971 साली सहकाऱ्यासह जगापुढे मांडली. त्यामागचं जनुक सापडायला पुढे आणखी पंचवीस वर्षं लागली.

डोळ्यांनी डोळ्यांकडे बघणं, हीच तेव्हाची प्रयोगशाळा.

हॉलमधून परतल्यावर दवाखाना तोच असतो आणि तरी बदललेला असतो. पेन्शनवाले आजोबा सांगतात, बँकेत सही जुळत नाही. पूर्वी मी त्यांच्या बँकेवरच्या रागाला मान डोलवली असती, आता कोरा कागद पुढे करते आणि ओळीच्या शेवटाकडे मुंग्यांएवढी होत जाणारी अक्षरं बघत राहते. एखादी आजी म्हणते, सुनेच्या फोडणीला अलीकडे वासच येत नाही. वास कधी कधी कंपाच्या कितीतरी वर्षं आधी निघून जातो, हे मला आता ठाऊक आहे. आजोबांना पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी लिहून देताना मनात येतं की घाटातल्या झुडपांवर चढणाऱ्या, अंगाला लागली की जीव नकोसा करणाऱ्या त्या खाजकुयलीच्या बियांतही हेच द्रव्य दडलेलं आहे.

कितीतरी काळ मज्जासंस्थेच्या डॉक्टराकडे नावं होती आणि उपाय नव्हते. सुंदर, नेमकी, हताश नावं. 1995 साली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा लकव्यात उपयोग होतो हे सिद्ध झालं, आधी तीन तासांच्या आत, नंतर साडेचार, आणि तेव्हापासून आमच्या बघण्याला घड्याळ लागलं. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी जातात, असा अंदाज पडद्यावर आला तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. जीपमधून उतरवताना घरची माणसं ओरडून सांगतात, बाईंच्या अंगावरून वारं गेलं! आता माझा पहिला प्रश्न असतो, शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत? उत्तरं येतात ती अशी: गुरं सोडली तेव्हा. दुपारची एसटी गेली तेव्हा बऱ्या होत्या, डॉक्टर. गुरांची वेळ, एसटीची वेळ मी मनात घड्याळाच्या काट्यांवर बसवत जाते आणि फोनवर जिल्ह्याच्या गावच्या सीटी स्कॅनवाल्यांना सांगते, पेशंट निघालाय. तेल चोळत बसलेल्या हाताला धरून उठवावं लागतं. तेही शिकावंच लागतं, कारण तो हात मायेचा असतो.

त्या रविवारी शंकासमाधानात, सगळे जेवणाकडे बघत असताना, डोंगराकडच्या वस्त्यांवर काम करणाऱ्या एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सर, फिटच्या मुलीच्या घरी गोळ्यांचं मी समजावते. पण लग्नाचं काय सांगू?

वक्त्यांनी पुढची स्लाइड लावली नाही. ते खाली येऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या हातावर टेकले आणि बराच वेळ बोलले: वयात आलेल्या मुलींना व्हॅल्प्रोएट शक्यतो का टाळायचं, गर्भाला त्याचा काय धोका, त्याऐवजी कोणत्या गोळ्या, फॉलिक अॅसिड कधीपासून, आणि आकडी येणारी बहुतेक मुलं-मुली औषध नेमानं घेऊन शिकतात, नोकरी करतात, आई-बाप होतात. मागच्या बाजूनं कुणीतरी सांगितलं, 1999 साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन लग्नाच्या अटींमधून अपस्मार वगळलाय. हॉलभर वह्या उघडल्याचा आवाज झाला.

बाई अजून उभ्याच होत्या. 'तेवढं मला मराठीत लिहून द्या,' त्या म्हणाल्या, 'मुलीच्या मामांना दाखवायचंय.'