रोल्यातली आते आणि उभयान्वयी अव्ययं

शारजात राहणाऱ्याला रोला सांगायला नको. पण नवीन आलेल्यांसाठी सांगतो, इथल्या बोलीत रोला म्हणजे वड. आज बसेस, कपड्यांची दुकानं आणि मनी एक्स्चेंजची गर्दी आहे त्या चौकात एकेकाळी खरंच एक मोठा थोरला वड होता. ईदला माणसं त्याच्या सावलीत जमत. तो वड 1978 साली कोसळला, आता तिथे त्याचं स्मारक आहे. आपल्याकडे पार असतो ना गावात, तसाच हा पार. फक्त पारावरच्या गप्पा आता मल्याळम, उर्दू, बंगाली आणि टागालोगमध्ये चालतात.

याच रोल्यातून मी आठ वर्षं रोज सकाळी साडेसहाला एका फिलिपिनो बाईंना गाडीत घेत होतो. ऑफिस देऱ्यात, दोघांचं एकच. ऑफिसात सगळे त्यांना 'आते' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही कुणाची आत्या? त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. मला मात्र कराडची माझी आतेच आठवायची, आणि ते संबोधन तोंडात बसायला काहीच वेळ लागला नाही.

इत्तिहाद रोडवरचा सकाळचा ट्रॅफिक तुम्हाला ठाऊक आहे. नहदापासून पुढे गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. या खोळंब्यात मी टागालोग शिकलो. म्हणजे भाषा नाही, तिची उभयान्वयी अव्ययं. कारण आते मैत्रिणींशी फोनवर बोलायच्या तेव्हा मला नाम-क्रियापदं काही कळायची नाहीत, पण मधेमधे एक शब्द लख्ख ऐकू यायचा: पेरू! इतके पेरू कशाला, म्हणून शेवटी विचारलं. त्या हसून लोटपोट. तो 'पेरो', म्हणजे 'पण'. स्पॅनिश. 1565 ते 1898 स्पेननं त्यांच्यावर राज्य केलं आणि जाताना 'पेरो', 'पारा' (साठी), 'ओ' (किंवा) मागे ठेवून गेले. मला याचं नवल वाटलं, पण घरी आल्यावर आठवलं की आपला 'व' फारसीतून आलाय म्हणतात. शारजातल्या प्रत्येक दुकानाच्या अरबी पाटीवर 'अमुक व तमुक'मधला तो वाव रोज दिसतोच की. राज्यकर्ते जातात, त्यांचं 'आणि-पण' राहतं.

त्यांचा स्वतःचा 'आणि' म्हणजे 'आत'. आधीचा शब्द स्वरान्त असेल तर तो आखडून नुसता 'त' उरतो. 'कासी' म्हणजे कारण, 'काया' म्हणजे म्हणून. 'कासी'ची एक गंमत आहे. आते एखाद्याला 'इकाव कासी!' म्हणाल्या की पुढे वाक्यच नसतं. शब्दशः 'तू, कारण'. अर्थ: तुझ्यामुळेच झालं हे सगळं! कारण सांगायचीही गरज नाही. आपल्या आया 'तूच ना ते!' म्हणायच्या, तसलंच. 'काया'चं आणखी वेगळं. आघात दुसऱ्या अक्षरावर दिला तर 'म्हणून', पहिल्यावर दिला तर 'जमेल'. महिनाअखेरीला पैसे पाठवून हातात काही उरलं नाही की आते आघात पहिल्या अक्षरावर देऊन म्हणायच्या, काया. जमेल.

पण ज्या दोन शब्दांसाठी हा लेख लिहायला घेतला, ते म्हणजे 'कुंग' आणि 'कापाग'. इंग्रजीतून समजून घ्यायला गेलो तर दोन्हींचा घोळ होतो. मराठीत सोपं आहे: 'कुंग' म्हणजे जर, होईल की नाही ठाऊक नाही. 'कापाग' म्हणजे जेव्हा, होणार हे नक्की, फक्त वेळ यायची आहे. बोलताना त्याचं नुसतं 'पाग' होतं.

आतेंचा मुलगा बातांगासला आजीकडे वाढला. त्याला सोडून आल्या तेव्हा तो चार वर्षांचा होता. रोल्यात त्या बेडस्पेसमध्ये राहायच्या, एका खोलीत सहाजणी, पडदा ओढला की तेवढंच घर. घरी परत जाण्याची गोष्ट निघाली की त्यांचं वाक्य 'कुंग'नं सुरू व्हायचं. मुलाची शाळा झाली तर. छपराचं कर्ज फिटलं तर. मला व्याकरणाची गोडी लागलेली, म्हणून मी एकदा शहाणपणा केला: "आते, इथे कापाग नको का?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नाही सर. कुंगच बरोबर आहे." तो दिवस मी पुढे काही विचारलं नाही.

या उन्हाळ्यात एका सकाळी गाडीत बसताबसता त्यांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली, आणि पहिलाच शब्द होता 'पाग'. मी ब्रेक जरा जोरातच दाबला. मुलाला नोकरी लागली होती. राजीनामा देऊन झाला होता, ग्रॅच्युइटीचा हिशोबही कागदावर मांडलेला होता.

पुढचे दोन महिने त्यांचे 'बालिकबायान' खोके भरणं चालू होतं. बालिक म्हणजे परतणं, बायान म्हणजे देश. रोल्यातूनच साबण, चॉकलेटं, टॉवेल, डबाबंद मांस असं घेऊन ते जहाजानं पुढे जातं आणि माणूस मागाहून. आमच्या हिनं त्यात चिवड्याची दोन पाकिटं सरकवली. "तिखट आहे पेरो चांगलं आहे," हे तिनं टागालोगमध्ये सांगायचा प्रयत्न केला, आणि आतेंना ते कळलंही.

खरं सांगायचं तर त्या काळात माझंच लक्ष थाऱ्यावर नव्हतं. कराडला आई एकटी आहे. दर दिवाळीला फोनवर विचारते, कायमचे कधी येताय? आणि अठरा वर्षं माझं उत्तर एकच: "मुलीचं कॉलेज झालं तर बघू." तर. माझंही वाक्य 'कुंग'चंच होतं, आणि मी चालत्या गाडीत दुसऱ्याला व्याकरण शिकवत होतो.

ऑगस्टअखेरीस त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सामान ट्रॉलीवर चढवलं. निरोपाचं बोलणं दोघांनाही जमत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आणि तुमचं, सर? कुंग की कापाग?"

मी म्हणालो, "कापाग." मग लगेच तोंडातून निघालं, "पेरो..."

मागून कुणीतरी ट्रॉली पुढे घ्या म्हणून ओरडलं. आते हसल्या, हात हलवला आणि आत गेल्या.